हातातून सुटलेला माइक

"असू दे रे, मी धरतो. तुझा हात अवघडेल," काका मराठीत म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. मीही दिला. तिथेच चुकलं.

मी जर्मनीत हायडेलबर्गला एमए करतो आणि लेखकांचे कार्यक्रम ठेवणाऱ्या एका संस्थेत 'हिवी' आहे. हिवी म्हणजे पडेल ते काम करणारा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. साहित्याच्या कार्यक्रमांत काम करतो म्हटल्यावर आईने विचारलं होतं, "म्हणजे खुर्च्या लावतोस का?" त्याही लावतो. पण माझं मुख्य काम माइकचं. वाचन संपलं की श्रोते हात वर करतात आणि कुणाकडे जायचं ते मी ठरवतो. नियम एकच. माइक आपल्याच हातात ठेवून विचारणाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा. एकदा सोडला की माणूस भाषण करतो, आणि मग तो परत घेता येत नाही.

त्या संध्याकाळी पूर्व आफ्रिकेतल्या एक कादंबरीकार बाई आल्या होत्या. पुस्तकांमुळे त्यांना स्वतःच्या देशात पाऊल ठेवता येत नाही, विमानतळावरच अटक होईल. वाचनाच्या दौऱ्यातलं हे कितवं शहर, ते त्यांनाही पटकन सांगता आलं नाही. ट्रेन नेहमीप्रमाणे लेट होती. स्टेजमागच्या खोलीत येताच त्यांनी बूट काढले आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले.

"माइक तुझ्याकडे असतो ना?" त्या म्हणाल्या. "मग एक कर. परत कधी जाणार, हे आज कुणाला विचारू देऊ नकोस. सकाळी भावाचा फोन आला होता. आज मला खोटं बोलता येणार नाही. आणि खरं सगळ्यांपुढे सांगायचं नाही."

"प्रयत्न करतो," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

दारात माझ्या बॉस, फ्राऊ केलर, उभ्या होत्या. "माइक सोडायचा नाही. गेनाऊ?"

"गेनाऊ," मीही म्हणालो. म्हणजे, अगदी बरोबर.

बाईंनी कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं. त्यातल्या घराण्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. परदेशात अडकलेल्या नायिकेला एक दिवस फोनवर कळतं, की भावाच्या मुलीला तिचंच नाव ठेवलंय. म्हणजे घरच्यांनी वाट बघणं सोडलं.

प्रश्न सुरू झाले. कागदावर प्रश्न लिहून आणलेल्यांना मी टाळलं. पहिला प्रश्न भाषांतराबद्दल होता, दुसरा लिहिण्याच्या सवयींबद्दल. दोन्ही बिनधोक. मग तिसऱ्या रांगेत काकांचा हात दिसला. दारात तिकीट बघताना आमची ओळख झाली होती. पुण्याचे निवृत्त मास्तर, झिंडेलफिंगेनला इंजिनियर मुलाकडे आलेले. तो शेजारीच बसला होता. आपला माणूस, वावगं काय विचारणार, असं मला वाटलं.

काका माइक घेऊन उभे राहिले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव घरी अजून कुणाला दिलेलं नाही ना? मग परत कधी जाणार?"

मी हात पुढे केला. पण वडीलधाऱ्या माणसाच्या हातून वस्तू ओढायची कशी? हात तसाच राहिला.

"बाबा, बसा ना," मुलगा पुटपुटला.

बाईंनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "दिलं. भावाच्या मुलीला. आईनेच सुचवलं म्हणे. मला आज सकाळी कळलं."

बाई काकांच्या शेजारी बघत होत्या. मुलाची मान खाली होती.

"हे तुम्हाला मला विचारायचं होतं, की त्याला?"

काकांच्या तोंडापुढे माइक तसाच होता. "घरी विचारलं की तो ताटावरून उठतो, मॅडम," ते म्हणाले. ते सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी आपणहून माइक माझ्याकडे दिला. "घे रे."

त्यानंतर कुणी हात वर केला नाही.

"एकच नियम होता," कार्यक्रम संपल्यावर फ्राऊ केलर मला म्हणाल्या.

"ते वयाने मोठे होते."

"हे बघ, माझे वडील असते तरी सोडायचा नाही."

मी बाईंना सॉरी म्हणालो. "उद्या दुसऱ्या शहरात कुणीतरी विचारलंच असतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. ते त्यांनी नुसतंच हातात धरलं.

कोट ठेवतात तिथे बाप-लेक उभे होते. मुलाने वडिलांचा कोट धरला होता.

"अजून थोडे दिवस थांबा ना, बाबा."

"माझं तिकीट मंगळवारचं आहे. तुझं कधीचं, ते सांग."

या वेळी मुलगा निघून गेला नाही. दुसरी बाही पुढे करून उभा राहिला.

पुढचे काही कार्यक्रम मला माइक मिळाला नाही. फोनवर आईला खरं ते सांगितलं, "हो, खुर्च्याच लावतो."

"बरं," ती म्हणाली. "येतोस कधी?"

आता माइक परत माझ्याकडे आहे. काका असोत की आजी, मूठ सोडत नाही. आणि हात वर केलेल्या माणसाकडे जाण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसलंय, तेही बघून घेतो.