सदाभाऊंनी बाईंना दिलेला शब्द

सदाभाऊ म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या रेकॉर्ड कंपनीच्या जिन्याखाली वाकून चपला शोधत होते. चपला त्यांच्या नव्हत्या. ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या एका नामवंत सतारवादकांच्या होत्या आणि कुणीतरी त्या घालून निघून गेलं होतं. पंडितजी वर खोळंबलेले, गाडी खाली उभी. सदाभाऊंनी शोध थांबवला, स्वतःच्या चपला रुमालाने पुसल्या आणि पंडितजींपुढे ठेवल्या. त्या दिवशी कंपनी सुटेपर्यंत ते अनवाणी हिंडले. माझा नोकरीचा तो पहिलाच दिवस. मला वाटलं, हे इथले शिपाई असावेत. दुसऱ्या दिवशी कळलं, हे कलाकार विभागाचे साहेब आहेत आणि रेकॉर्डच्या लेबलवरचा मजकूर लिहून मी तो त्यांच्याच टेबलावर नेऊन द्यायचा आहे.

सदाभाऊंना येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवसमितीने या ग्रंथासाठी त्यांच्याकडे मोठमोठ्या कलावंतांसोबतचे फोटो मागितले, तर घरात एकही निघाला नाही. उमेदीची सगळी वर्षं ज्यांच्या सहवासात गेली, त्यांच्यातल्या एकाचीही सही त्यांनी कधी घेतली नाही. विचारलं तर म्हणतात, "कामाला गेलेलो, फोटो काढायला नाही." समितीची पंचाईत झाली आणि फोटोंची जागा भरायला मला लिहायला सांगण्यात आलं. मी डोंबिवलीची एक निवृत्त बाई. लेबलावर चार ओळी बसवण्यात माझी नोकरी गेली, त्याहून लांब लिहायची सवय नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सदाभाऊंचं काम समजायला आमच्या कंपनीतला एक रिवाज सांगायला हवा. रेकॉर्ड बाजारात जाण्यापूर्वी तिच्या तीनच प्रती काढत. त्यांना आम्ही सॅम्पल म्हणायचो. त्यांवर छापील लेबल नसे, पांढऱ्या कागदावर माझ्या हाताने नाव घातलेलं असे. सॅम्पल आणि प्लेअर घेऊन सदाभाऊ स्वतः कलाकाराच्या घरी जात, सतरंजीवर बसत आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत. आपल्या चेहऱ्यावरून कलाकाराने मत बनवू नये म्हणून वाहवा नाही, मान डोलावणं नाही. शेवटी एकच शब्द विचारत, "पाठवू?" समोरून नकार आला तर तिन्ही सॅम्पल गोदामामागे नेऊन, दोन माणसांच्या समक्ष दोन्ही बाजूंवर खिळ्याने ओरखडे काढून भंगारात टाकत आणि रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होत. मालकांनी कितीदा तरी सुचवलं की कलाकाराला जरा गोडीगुलाबीने पटवत जा. सदाभाऊंनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. इतर बाबतीत इतका पडखाऊ माणूस या एका गोष्टीत मात्र कमालीचा हट्टी होता.

कलाकारांचा त्यांच्यावर जीव होता तो यामुळेच. एक बुजुर्ग सारंगीवादक हट्टाने त्यांच्या बाळकुमच्या घरी जेवायला गेले होते. तेव्हा बाळकुम गाव होतं, घरापुढे अंगण होतं आणि सदाभाऊंच्या आई, ज्यांची उमर मिठागरात गेली होती, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या. जेवणानंतर उस्तादजींनी अंगणात सारंगी काढली. वाजवता वाजवता त्यांचे डोळे भरून आले तशा आई दारातून म्हणाल्या, "येवरा मोठा मानूस, मंग ररतंय कशाला?" उस्तादजींना अर्थ सांगितला तेव्हा ते खूप हसले आणि पुन्हा वाजवायला बसले. आज त्या जागेवर मोठे टॉवर आहेत आणि त्यांतल्याच एकाच्या अकराव्या मजल्यावर सदाभाऊ राहतात. खिडकीतून खाली बोट दाखवून ते सांगतात, तिथे, त्या लाल गाडीच्या जागी उस्तादजी बसले होते. ऐकताना मला फार हुरहूर लागते.

माझे यजमान गेले तेव्हा सदाभाऊ दहाव्या दिवशी डोंबिवलीला आले. अर्ध्या तासाने उठले, कपाटावरचा आमचा बंद रेडिओ खाली काढला, मागचं झाकण उघडून दुरुस्त केला आणि अगदी बारीक आवाजात लावून दिला. "घर मुकं ठेवू नका, नलूताई," एवढं बोलून गेले. त्या एका वाक्यावर मी ते वर्ष काढलं.

अशा माणसाशी मी चाळीस वर्षं खोटं वागले. ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

कल्याणला पारनाक्याजवळ एक थोर गायिका राहत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल. सगळे त्यांना बाईच म्हणत. उतारवयात त्यांनी आमच्याकडे एक रेकॉर्ड केली. तिचं सॅम्पल ऐकवायला सदाभाऊ निघाले आणि लेबलच्या मजकुराला बाईंची संमती हवी म्हणून मीही सोबत गेले. पहिली बाजू बाईंनी शांतपणे ऐकली. दुसऱ्या बाजूला, अंतऱ्यात वर चढताना, त्यांचा श्वास तुटला होता. क्षणभरच. मग त्यांनी तो स्वर पुन्हा घेतला होता आणि असा घेतला होता की माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी मात्र हात पुढे करून सुई उचलली.

"सदाभाऊ, हे माझ्यामागे राहायला नको," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा."

"नाही राहणार, बाई. शब्द देतो."

परतताना स्टेशनच्या फलाटावर उभं राहिल्यावर सदाभाऊ म्हणाले, "जन्मभर गाणी ऐकली नलूताई, पण गाणं ऐकलं ते तिथे, श्वास तुटला तिथे."

दुसऱ्या दिवशी गोदामामागे त्यांनी दोन सॅम्पलवर स्वतः खिळा चालवला. तिसऱ्याला त्यांचा हात होईना. ते माझ्याकडे देऊन सदाभाऊ पाठ फिरवून उभे राहिले. माझ्याजवळ त्याच दिवशी बाद झालेलं एका साबणाच्या जाहिरातीचं सॅम्पलही होतं. तेही तसंच पांढऱ्या लेबलचं. मी खिळा साबणावर चालवला. बाईंची रेकॉर्ड फायलीत घालून डोंबिवलीला नेली आणि रजिस्टरमध्ये सदाभाऊंच्या सहीखाली माझी सही केली.

बाई पुन्हा ध्वनिमुद्रणाला आल्या नाहीत आणि काही वर्षांत गेल्या. पुढे कंपनीही बंद झाली. दर दिवाळीला सदाभाऊंचा फोन येतो. फराळाची चौकशी होते, गुडघ्यांची होते आणि शेवटी, ठेवता ठेवता, ते म्हणतात, "बाईंचं ते एकदा ऐकायला मिळायला हवं होतं." रेकॉर्ड कपाटात होती. पण ती दाखवायची तर त्यांच्या सहीला मी काळं फासलं हेही सांगावं लागणार होतं. तो धीर मला झाला नाही. अलीकडे मात्र त्यांचा एक कान पूर्ण गेला आणि दुसऱ्याचाही डॉक्टर भरवसा देईनात. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. गेल्या महिन्यात रेकॉर्ड पिशवीत घालून मी बाळकुमला गेले.

चष्मा लावून त्यांनी पांढरं लेबल पाहिलं आणि माझं अक्षर ओळखलं. आम्ही सगळे धरायचो तशी, कडांवर दोन तळवे टेकवून, त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही ऐकलीत?"

"चारदा," मी म्हणाले. "माफ करा, सदाभाऊ."

मुलाच्या खोलीत प्लेअर होता. कान आहे तोवर लावू या, असं मी परोपरीने सांगितलं. सदाभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, याही मध्ये पडल्या. म्हणाल्या, "ऐका ना एकदा. बाई काय आता बघायला येनारेत?"

"नाय येनार," सदाभाऊ म्हणाले. "म्हणून तर."

मग रेकॉर्ड मांडीवर ठेवून ते माझ्याकडे वळले. "शब्द मी दिलेला. तुम्ही नव्हता दिलेला. तुम्ही सांगा ना, कशा गायल्यात?"

मला गाणं येत नाही. पण त्यांच्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढून, येईल तसं मी सांगत गेले. बाई कुठून सुरुवात करतात, तबला किती हळू येतो, मधे एकदा स्वतःशीच कशा हसल्यासारख्या वाटतात. सदाभाऊ डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरत होते. दुसऱ्या बाजूच्या अंतऱ्याशी मी आले आणि पुढचं बोलायच्या आत त्यांचा हात हवेत थांबला. बरोबर त्याच जागी. मीही थांबले. मग हात सावकाश खाली आला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेलं ते सगळं त्यांच्यापाशी जागच्या जागी होतं.

रेकॉर्ड त्यांनी कव्हरात घालून मला परत दिली. "उभी ठेवा. आडवी ठेवलीत तर वाकेल," म्हणाले. हे सारं लिहू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं काय ते लिहा. बाईंचं नाव नको." म्हणून नाव लिहिलेलं नाही.

या ग्रंथात अनेकजण सदाभाऊंना शंभर वर्षं मागतील. मीही मागते. त्यांचे गुडघे चालते राहोत, वहिनींची साथ लाभो, अकराव्या मजल्यावरचा वारा त्यांना मानवो. माझ्या मागण्यात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. रेकॉर्ड माझ्या घरी आहे, ती मी केव्हाही लावू शकते. पण बाईंचा श्वास तुटला तिथे ज्यांचा हात थांबतो, असा माणूस आता एकच उरला आहे. त्यांचे कान गेले तरी त्यांचं काही जाणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सदाभाऊ मात्र आम्हाला हवेत.