पंगतीतलं शेवटचं ताट

सालेकशाजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत पोरांचा स्वयंपाक करणारी लीलाबाई पंगत शेवटून वाढायची. हा नियम तिचा, गुरुजींचा नव्हे. शाळेत शिजवून खाऊ घालायचं सुरू झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की, दांडगी पोरं दाराशी बसतात, आधी ओरपतात, आणि शेवटच्या बारक्यांपर्यंत भाताचा गंज पोचेस्तोवर तळाला नुसती खरवड उरते. दुसऱ्या दिवशी तिने गंज उचलला आणि थेट पंगतीच्या शेवटच्या टोकाला नेला. दांडगोबा बघतच राहिले. "काऊन रे, भूक मोठी हाये ना? मंग थांबता बी आलं पायजे," ती म्हणाली. बाई जिभेची तिखट, पण वाढताना तिने हात कधी आखडता घेतला नाही. दहा वर्षांत तिच्या पंगतीतून एकही ताट कोरडं उठलं नव्हतं.

अशा बाईने एकदा एक ताट वगळलं, आणि तेही स्वतःच्या नवऱ्याचं.

खेमराज रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रुळावरून पायपीट करायची आणि घरी येऊन डोंगराएवढा भात खायचा. झाडीतला, भाताच्या मुलखातला माणूस तो, चार पोळ्या खाल्ल्या तरी म्हणायचा, "आज जेवनच नाई झालं." २०१२ च्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. नागपूरला तपासण्या झाल्या आणि लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. तरुणपणी झालेल्या काविळीचे विषाणू इतकी वर्षं आत दबा धरून बसले होते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गावाने मात्र आपलं निदान कधीच करून टाकलं होतं: मोहाची दारू पेत असन. विहारात घेतलेलं पंचशील ज्याने जन्मभर पाळलं, दारूला जो कधी शिवला नाही, त्याच्या वाट्याला हे यावं! लोकांच्या जिभेला हाड नसतं हेच खरं.

चार आठवड्यांनी पुन्हा या, मग उपचार ठरवू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मधल्या दिवसांत लोकेश आला. हा खेमराजच्या बहिणीचा मुलगा, गोंदियाला बी.एस्सी. करणारा. पोरगा गुणी, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. इंटरनेटवरून छापून आणलेला कागद पुढे धरून म्हणाला, "मामी, ही गाठ साखरेवर जगते. साध्या पेशीपेक्षा किती तरी जास्त साखर खाते. अन् भाताची पोटात साखरच होते."

झालं! लीलाबाईने त्याच दुपारी भात बंद केला. पेज बंद, गूळ बंद, चहा बिनसाखरेचा. खेमराजच्या ताटात उकडलेली भाजी आणि वाटीभर पातळ वरण तेवढं पडू लागलं. त्याच्यापुढे बसून आपण भात खायचा हे तिच्याने होईना, म्हणून तिने स्वतःचाही बंद केला. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

आधी तो चिडला, मग मागायला लागला. "लीला, पेज तरी दे ना." ती तोंड फिरवून चुलीत फुंकर घालायची. पँट कमरेवर राहीना, तेव्हा त्याने सुतळी बांधली. ती पाहत होती. पण गाठ उपाशी मरतेय, या एका आशेवर तिने काळीज दगडाचं केलं होतं.

विसाव्या दिवशी ऐन जेवणाच्या सुट्टीत खेमराज घरचं ताट घेऊन शाळेत आला आणि पंगतीत शेवटी, पहिलीतल्या एका पोरीशेजारी मांडी घालून बसला. पोरं खुसखुसली. लीलाबाई गंज घेऊन टोकाला आली. पहिलं ताट त्याचंच होतं.

"वाढ," तो म्हणाला.

"तुमच्याच जिवासाठी नाई म्हनून रायली मी," असं म्हणून तिने पहिला डाव शेजारच्या पोरीच्या ताटात रिकामा केला.

तो उठून गेला नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत रिकाम्या ताटापुढे बसून राहिला. मग पोरांबरोबर हातपंपावर गेला, ते कोरडं ताट सवयीने धुतलं आणि घरी गेला.

दोन दिवसांनी नागपूरला वजन केलं, ते सहा किलोंनी उतरलेलं. "हे खातात काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लीलाबाईने मोठ्या अभिमानाने सारं पथ्य सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"तुमचा भाचा खरं बोलला, पण अर्धं. लिव्हर म्हणजे शरीराचं कोठार. साखर साठवायची आणि गरजेप्रमाणे सगळ्यांना वाटायची, हे त्याचं काम. तिथलीच पेशी बिघडली की वाटणं सोडून स्वतःच ओरपायला लागते. ती साखर धड जाळतही नाही. अर्धवट जाळते आणि आंबट कचरा भोवती टाकते. रोगाशी लढणाऱ्या आपल्या पेशी तिथवर पोचतात, पण त्यांनाही लढायला तीच साखर लागते. ती गाठीने आधीच खाल्लेली. त्यात तो आंबटपणा. मग त्या थकून नुसत्या बसून राहतात."

लीलाबाईला दाराशी बसलेली दांडगी पोरं आठवली. "मंग भात तोडला तं ते गाठ मरन ना?"

"नाही हो. भात तोडला की शरीर स्वतःचं मांस वितळवून साखर बनवतं. गाठ तीही खाते. उपाशी राहतात ते हे, आणि यांच्या लढणाऱ्या पेशी. गाठीची रसद आम्ही तोडू. मांडीतून बारीक नळी घालून तिथेच औषध सोडू, तिचं रक्त बंद करू. पण एवढ्या अशक्त माणसावर ते करता येत नाही. महिनाभर पोटभर खाऊ घाला. वजन चढलं तरच."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, आणि फास स्वतःच्या हातांनी आवळला होता. गाडीत गोंदिया येईपर्यंत ती त्याच्या कमरेच्या सुतळीकडे बघत बसली. मग म्हणाली, "माह्या हातानं पाप झालं."

"पाप कायचं? माया होती थे," खेमराज म्हणाला. "पन त्या दिवशी लेकराइपुढे लय लाज वाटली मले."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हाताला धरून शाळेत नेलं आणि पंगतीच्या शेवटी त्याच जागी बसवलं. सगळ्या पोरांदेखत पहिला डाव त्याच्या ताटात घातला. वाफाळलेला भात बघून त्याचे डोळे भरले. पण त्याने घास घेतला नाही. ताट मध्ये सरकवून म्हणाला, "बस. तू बी बावीस दिस भात खाल्ला नाई. शामकलानं सांगतलं मले."

तिच्या जोडीने स्वयंपाक करणारी शामकला पुढे झाली आणि तिने लीलाबाईच्या हातातला डाव काढून घेतला. दहा वर्षांत पहिल्यांदा लीलाबाई पंगतीत बसली. रडत रडत जेवली.

महिन्याभरात वजन पावणेतीन किलो चढलं. नळीचा उपचार झाला. गाठ गेली नाही, दबली. खेमराज आणखी दीड वर्ष जगला आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत भात खाऊन जगला.

लीलाबाई आजही शेवटच्या ताटापासूनच वाढते. त्या पहिल्या ताटात तिचा डाव जरा जास्तच भरून पडतो. शामकला कुरकुरते, "बाई, असं वाढलं तं भात पुरन कसा?"

"नाई पुरला तं माह्यातला दे," लीलाबाई म्हणते, आणि पुढच्या ताटाकडे सरकते.