डावा कौल

देवबागचा माझा शेजारी देवळात कधी हात जोडायचा नाही; कमरेवर ठेवून देवाशी भांडायचा. शिडाची होडी लोटण्याआधी तो कौल मागे. गुरव मूर्तीला पाकळी चिकटवी. उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार.

त्या दिवशी डावा कौल आला.

"तुका काय कळता दर्यातला? घरात चूल पेटाक नाय!" तो देवावर गरजला. मग बाहेर गड्यांना ओरडला, "होडी वर ओढा रे!"

मी बदलीसाठी कौल मागितला. माझाही डावाच. मी सुशिक्षित, म्हणून अदबीने हात जोडून गुरवाला म्हटलं, "पुन्हा लावा."

"मास्तर, देवाक इचारतास काय हुकूम सोडतास?" शेजारी मागून माझ्यावर खेकसला. मग मूर्तीकडे वळला, "आणि तू रे, हसतंस कित्याक? उद्या परत येतंय!"