मढं कुणी उचललं?

हॉस्पिटलच्या शवागारात एकतीस वर्षं काढून मामा घरी बसले. हॉस्पिटलात सगळे त्यांना मामाच म्हणत. रिकामपणानं ते दिवसभर घरातल्यांवर कावायला लागले, तेव्हा सुनेनं वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी गुप्तहेरकथा, मराठीत उतरवलेली. वर्तमानपत्राखेरीज मामांनी आजवर काही वाचलं नव्हतं.

चौथ्याच पानावर खून पडला. बडा जमीनदार, आपल्याच खोलीत गालिच्यावर पालथा. मामा सावरून बसले. हा त्यांचा प्रांत. गुप्तहेर आला, त्यानं भिंगातून मढ्याच्या बाह्या, बूट, नखं पाहिली. मग सगळ्यांनी शेजारच्या खोलीत बसून चहा घेतला.

"खिडक्या बंद, शेकोटी पेटलेली, आणि बॉडी दीड दिवस तिथंच," मामा बायकोला म्हणाले. "आणि त्या हेराला वास कसला येतो, तर अत्तराचा."

"जेवताना नको हो."

"पुस्तकातल्या त्या लोकांना बरं जेवण जातं."

मामांना आलेली शिसारी रक्ताची नव्हती. रक्त मामांनी बादल्यांनी धुतलं होतं. बॉडी आली की ते आधी तोंड पुसत, केस विंचरत, मगच नातेवाइकांना आत घेत. एकदा एक बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "हे भांग उजवीकडे पाडायचे." मामांनी तिच्यासमोर तो बदलला. इथं जमीनदाराचे डोळेसुद्धा कुणी मिटले नव्हते. त्याची बायकोदेखील हेराच्या हुशारीवर लट्टू.

पुढं तरी जमीनदाराला उचलून नेतील, या आशेवर मामा नाक मुरडत पानं उलटत राहिले. खुनी सापडला, हेराची वाहवा झाली, पुस्तक संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन बोटांत धरून वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं. "यातलं एक पान गळालंय."

"कुठलं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मढं उचलल्याचं."

बाईंनी पानं तपासली. "सगळी आहेत, काका."

"मग लिहिणाऱ्याला हात लावायची किळस आली असणार. येते लोकांना. माझा मेहुणा एकतीस वर्षं आमच्याकडे पाणी प्यायला नाही."

बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. "दुसरं देऊ? कुणी मरत नाही असं?"

"मेलं तरी चालेल. पण नीट नेलं पाहिजे त्याला."

बाईंनी बराच वेळ कपाटं धुंडाळली आणि त्या रिकाम्या हातानं परत आल्या. मामा पायऱ्या उतरून घरी गेले.