बिब्ब्याचा म्हणून जपलेला डाग

"आजी, हा डाग बिब्ब्याचा नाही. मेलॅनोमा आहे," नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायोप्सीचा, म्हणजे टाचेचा बारीक तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट त्यांच्या हातात होता. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे क्वचित होतो, आणि झाला तर अनेकदा तळपायाला.

आमच्या अहेरीकडे काटा रुतला की गरम बिब्ब्याचा चटका देतात. काळा डाग पडतो, काही दिवसांनी जातो. माझ्या टाचेतही काटा रुतला होता; तो डाग गेला नाही, म्हणून मी पुन्हा चटका दिला. वाढला, पुन्हा दिला. सून शोभा म्हणायची, "आई, दवाखान्यात दाखवा ना."

"तुले का समजते? बिब्बा मी लावून राह्यली का तू?"

अशी मी हुशार! अख्ख्या गावाच्या टाचा भाजल्या, स्वतःची तर हौसेनं.

टाचेचा भाग कापला, मांडीची कातडी लावली. वाटलं, सुटले. पुढच्या वर्षी भाताच्या रोवणीत बांधावर बसून बायांना टोमणे मारत होते, तर शब्दच येईना. तोंड उघडं, आवाज नाही. बाया हसल्या, म्हातारीचं नवीन सोंग म्हणून. शोभा मात्र चिखलातून धावत आली.

एमआरआयमध्ये मेंदूत गाठी दिसल्या; टाचेचाच कॅन्सर तिथं पसरला होता. "बोलण्याच्या भागाजवळ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेडिएशन देऊ, म्हणजे किरणांनी गाठी जाळू. पूर्ण बरं होईल असं म्हणत नाही. वेळ मिळेल."

"माह्यं बोलणं राहीन का?"

"प्रयत्न तोच आहे, आजी."

मरणापेक्षा मला त्याचंच भेव होतं. मुकी होऊन खाटेवर पडले तर जो येईल तो गोड बोलेल, आणि मला उलटून काही म्हणता येणार नाही.

मग तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा, मशीन, बाकडं, परतीची एसटी. शीण इतका, की घास हातातच राहायचा. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराला आजाराशी लढायला लावणारं औषध, सलाईनमधून अजून चालू आहे.

तुमच्या घरी कुणाचा काळा डाग जात नसेल, पसरत असेल, तर चटका देऊ नका. दाखवा.

गाठी थांबल्यात, गेलेल्या नाहीत. मी बोलते, पण शब्द अडतो. पूर्वी कुणी अडखळलं की मी त्याचं वाक्य पुरं करून हसायचे. शोभा तसं करत नाही. पळी हातात धरून थांबते. "सांगा आई, मले घाई नाई."

काल जेवताना बराच वेळ शोधून एक शब्द सापडला. "अळणी."

तिनं वरण चाखलं. "काई नाई, बरोबर आहे मीठ!"

मग आम्ही दोघी भांडलो. सावकाश, पण पोटभर.