धाकट्याची पिकअप

बाई तशी शंभर शंका काढणारी. टोमॅटो घ्यायचे तर एकेक उलटा करून बघणार. कुणाचं कपाट गाडीत चढवायचं तर आधी त्याची दारं उघडून बघणार, न जाणो आत काचेची भांडी राहिली असतील! बाजारात सगळे तिला 'चौकशीबाई' म्हणत. आणि हिनेच पिकअप घेतली ती एकदाही खाली वाकून न बघता. का? तर धाकट्या भावाची होती म्हणून!

"गिअरबॉक्सचं ऑइल आत्ताच बदललंय ताई, इतक्यात हात लावू नकोस," तो म्हणाला होता. हिने नाही लावला. दुसऱ्याच्या गाडीवरची ड्रायव्हरकी सोडली आणि लोकांचं घरसामान हलवायचा स्वतःचा धंदा सुरू केला. आता गाडी चालली तरच घर चालणार होतं.

मग चढावर तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. मागे कुणाचा तरी फ्रिज बांधलेला, आणि गाडी जागची हलेना. भावाला फोन केला तर म्हणे, "तू क्लच नीट दाबत नसशील." अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागे काढलेल्या बाईला हा शिकवतोय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी गिअरबॉक्स स्वतःच तपासायचा असं तिने ठरवलं. आतलं ऑइल तापून पातळ व्हावं म्हणून गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, चाकांना विटा लावल्या आणि खाली सरकली. आधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सोडवला. तोच अडकून बसला असता तर खालचा काढून गाडी नुसती कोरडी झाली असती, नवं ऑइल भरताच आलं नसतं. भोकात बोट घातलं. बोटाला ऑइल लागलं, पण सोबत चिखलासारखं काहीतरी आलं. टब सरकवून तिने तळाचा बोल्ट काढला, तर धार लागेचना. काळे गोळे पडले. एक गोळा तिने चिमटीत चोळला. लाकडाचा भुसा!

जुन्या गाड्यांच्या बाजारातली ही हरामखोरी तिने ऐकली होती. गिअरचे दात झिजले की आवाज दाबायला आत भुसा कोंबायचा, गाडी खपली की आपण मोकळे. आणि धाकटा पडला सुतार. भुशासाठी त्याला उठायचीसुद्धा गरज नव्हती.

टब उचलून ती तडक त्याच्या कारखान्यात गेली आणि तो रंधा मारत होता त्याच फळीवर तिने तो टब आदळला.

"हे कुणी घातलं?"

"ताई, ऐक ना..."

"कुणी घातलं?"

"मी." त्याने रंधा बाजूला ठेवला. "काय करू गं? गाडी खपतच नव्हती. जो तो मेकॅनिक घेऊन यायचा, बोल्ट उघडायला लावायचा."

"म्हणून माझ्या गळ्यात मारलीस?"

"तू उघडून बघणार नाहीस, हे माहीत होतं."

थोबाडीत द्यायला उचललेला हात तसाच राहिला. तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाच जास्त संताप आला.

"मी करून देतो ना दुरुस्त..."

"काही नको. यापुढे माझ्या घरी आलास ना, तर पिशवी उघडून दाखवल्याशिवाय आत घेणार नाही!"

पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर राबून तिने गिअरबॉक्स नीट करून घेतला. त्यानंतर एकदा धाकटा भाचीसाठी खाऊ घेऊन आला. ताई दारात उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. त्याने मुकाट्याने पिशवी दिली. तिने ती उघडून, तळापर्यंत हात घालून बघितली.