घरी जेवून गेलेली मॅनेजर

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरतेला झालं, तेव्हा वडील खिशात रोख घेऊन आले होते. दवाखान्याच्या काउंटरवर मी माझ्या कंपनीचं विम्याचं कार्ड दिलं आणि त्यांना खिशात हातही घालावा लागला नाही. परतताना नंदुरबार स्टेशनवर उतरल्यावर ते आमच्या बोलीत म्हणाले, "सरकारी नोकरीमाबी असं नही ऱ्हास."

अशी ती कंपनी होती. जगभर पसरलेली, घराघरातल्या फोनमध्ये शिरलेली. सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात केळी आणि कापूस करणाऱ्या घरातली मी पहिलीच, जिनं असं काम धरलं. पुण्यातल्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी मॅनेजरला मॅडम म्हटलं, तर तिनं थांबवलं. म्हणाली, इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तूही मार. मला ते जमायला महिना लागला. पण जमल्यावर वाटलं, आपण कुठल्या घरातून, कुठल्या गावातून आलो, याचा इथे कुणी हिशेब ठेवत नाही. पुढे आईसाठी मी गावी राहून काम करायचं ठरवलं, तेव्हाही वरिष्ठांशी भांडून परवानगी आणली ती तिनंच.

आमचं काम फोनला बोलणं समजावं, यासाठीचं होतं. एकदा मीटिंग चालू असताना मागून आत्याचा आवाज आला. आत्याला आम्ही फुई म्हणतो. शेजारच्या घरात राहते, आणि तिचा आवाज अख्ख्या गल्लीला पुरतो. मॅनेजरनं विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं, अहिराणी. आमच्याकडे घरात हीच बोलतात, मराठी शाळेत आणि कचेरीत. ती म्हणाली, मग आपला फोन हिला का समजू नये?

त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष काम केलं. फुईला माइकसमोर बसवलं, तिच्या भजनाच्या बायकांना बसवलं. त्या मिरचीच्या भावाबद्दल बोलल्या, सुनांबद्दल बोलल्या, विहिरीवरची मोटार जळाल्याची तक्रार करून बसल्या. फुई बोलता बोलता मध्येच थांबून विचारायची, "तो आयकस का मन्हं?" मी म्हणायचे, शिकतोय. संध्याकाळी मी ते सगळं ऐकत बसायचे, आणि आपल्याला असलं काम मिळालं याचं मला स्वतःलाच नवल वाटायचं.

डिसेंबरात घोड्यांच्या जत्रेला मॅनेजर नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आली. उतरली आमच्याच घरी. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं, एका पायावर भार देत ओट्याशी उभी राहून. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं, ते आईनं तिला सांगितलंही. तिनं आईचा हात हातात घेतला. निघताना आईनं तिची ओटी भरली. जत्रेत घोडे बघत फिरताना ती मला म्हणाली होती की हे काम आता वाढणार, नवी माणसं येतील, तेव्हा तुझ्या डोक्यात जे जे आहे ते नीट लिहून ठेव. मी आनंदानं लिहीत बसले. कुठले शब्द गुजरातीतून आलेत, कुठे फोन फसतो, तापीकाठचं बोलणं कसं वेगळं, सगळं.

जानेवारीतल्या एका सकाळी लॅपटॉपनं माझा पासवर्ड घेतला नाही. मला वाटलं नेट गेलं. राउटर बंद करून चालू केला. मग माझ्या खासगी मेलवर निरोप दिसला की आमचा विभाग बंद झाला आहे आणि दुपारी एक गृहस्थ माझ्याशी बोलतील. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी समोरचा मजकूर वाचून दाखवला, त्यात माझं नाव चुकीचं उच्चारलं, आणि विमा महिनाअखेरीला संपेल, असं सांगितलं.

मॅनेजरला मी त्या दिवशी आणि नंतरही फोन केले. तिनं उचलले नाहीत. आठवड्यानं तिचाच आला. आवाज बसलेला होता. तिच्या हातात काही नव्हतं म्हणाली, यादी वरून आली होती, कायद्यानं बोलायला बंदी होती. ती खोटं बोलत नव्हती. मी एकच विचारलं.

"आमच्याकडे जत्रेला आलीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "हो."

मी फोन ठेवला. नोकरी गेल्याचं दुःख तोवर मला पेलवत होतं, इतरांचीही जात होती. पण ती आमच्या पाटावर बसली होती, आईकडून मार्चची तारीख ऐकून घेतली होती आणि आईचा हात धरला होता.

फुईला सांगावंच लागलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग मन्हा आवाज तठेच ऱ्हायना का?" मी म्हटलं, हो, तिथेच राहिला. परत मागता येत नाही का, असं तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर ती उठून आपल्या घरी गेली, आणि पुढे बरेच दिवस माझ्यासमोर कमी बोलायची.

आता मी नाशिकच्या एका लहान कंपनीचं काम घरूनच करते. मालक तापट आहे, पगार पुढे-मागे होतो, विम्याचं तर नावच नाही. आईचा डावा गुडघा तसाच आहे. पण काम कमी झालं की मालक स्वतः फोन करून सांगतो, आधी सांगतो.

गेल्या महिन्यात चुलतभावाची मुलगी पेढे घेऊन आली. तिला तशाच एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली आहे. मी म्हटलं, जा. शिकायला मिळेल, आईबापाचा विमा होईल, चार देशांच्या माणसांबरोबर बसशील. तिनं पेढ्याचा डबा पुढे केला आणि विचारलं, "तिथली माणसं कशी असतात?"

"चांगली असतात," मी म्हणाले. ते खरंच होतं, आणि तेवढंच सांगून मी डब्यातला पेढा उचलला.